दोन आणि चार

नंदू भोयर साइडवॉकवरचा बर्फ शोव्हल करायला उद्या जाणार होता. हे ‘उद्या’ तीन दिवस चाललं होतं. कॅनडातल्या रेजिना शहराचा नियम असा, की बर्फ पडायचा थांबला की अठ्ठेचाळीस तासांत ज्याने त्याने आपल्या घरासमोरचा साइडवॉक साफ करायचा. पण बर्फ थांबला असं नेमकं कधी म्हणायचं? अधूनमधून एखादा कण तरंगत येतच होता, आणि प्रांत सरकारच्या पेन्शन खात्यात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला एका कणाच्या जोरावरही मुदतवाढ घेता येते. शिवाय त्याची कंबर दुखत होती. निदान रश्मीने फावडं दाखवलं की दुखायला लागायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रश्मी कामावरून आली आणि दारात बूट काढता काढता म्हणाली, "ओरेस्ट पडला. मनगट मोडलं त्याचं. आयरीन सांगत होती, आपल्या घरासमोर घसरला म्हणे."

एवढं बोलून ती कुकर लावायला आत गेली. नंदू चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. ओरेस्ट म्हणजे डाव्या हाताचा शेजारी, आयरीन त्याची बायको. चौऱ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर शेतीची यंत्रं विकून रिटायर झालेला, हॅलोविनला नंदूच्या जाईला गल्लीतलं सगळ्यात मोठं चॉकलेट देणारा. अशा माणसाचं हाड आपल्या आळसापायी मोडलं याचं नंदूला वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर ते वाईट वाटणं दुसऱ्या नंबरवर होतं. पहिल्या नंबरवर वकील होता.

तो तसाच जॅकेट चढवून बाहेर पडला. पुढचा पाऊण तास त्याने कंबरेचं नावही न काढता स्वतःचा साइडवॉक असा खरवडला की खालचं काँक्रीट लख्ख दिसायला लागलं. मग घाम पुसताना त्याच्या डोक्यात आलं, की अपघातानंतर जागा साफ करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. रश्मीने खिडकीतून पाहिलं तेव्हा तिचा नवरा स्वच्छ साइडवॉकवर फावड्याने पुन्हा बर्फ पसरत होता, आणि मधूनच मागे सरून तो पहिल्यासारखा दिसतोय का ते बघत होता.

तिने परीक्षितला फोन केला.

हीच तिची चूक झाली. परीक्षित पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, नंदूचा रेजिनातला पहिला आणि आजतागायत सगळ्यात जवळचा मित्र. कॅनडातला एकही कायदा असा नाही जो त्याला ठाऊक नाही, आणि एकही असा नाही जो त्याला नीट ठाऊक आहे. त्याने सोफ्यावर बसून सगळी हकीकत ऐकली आणि फार शांत आवाजात सांगितलं की अशा प्रकरणात घर जातं. तिकडे लव्हाल शहरात त्याच्या ओळखीतल्या एका माणसाच्या पायरीवर पोस्टमन घसरला होता. तो माणूस आता बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. पण मुख्य मुद्दा हा, की काही झालं तरी सॉरी म्हणायचं नाही. सॉरी म्हणजे गुन्ह्याची कबुली.

ज्या देशात लोक दाराला धक्का लागला तरी दाराला सॉरी म्हणतात, तिथे नंदूवर सॉरी म्हणायची बंदी आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लिफ्टमध्ये एका बाईच्या पायावर त्याचा पाय पडला आणि तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. त्या बाईने आठवडाभर जिन्याचा वापर केला.

घराच्या विम्याचा फोन लावला, तर चाळीस मिनिटं सनई-चौघड्याच्या जागी सॅक्सोफोन ऐकल्यावर एका मुलीने गोड आवाजात विचारलं, तुम्हाला क्लेम नोंदवायचाय का? ‘नोंदवायचाय’ हा शब्द ऐकून नंदूने फोन ठेवला. मग त्याने शहराच्या चौकशी नंबरवर फोन करून ‘समजा एखाद्याने’ अशा सुरात विचारलं, की समजा एखाद्याने तीन दिवस बर्फ काढला नाही तर काय होतं. पलीकडच्या माणसाने सगळं समजावलं आणि शेवटी सहज विचारलं की पत्ता कुठला. नंदूला पत्ता द्यायचा नव्हता, पण विचारलेल्या सरकारी प्रश्नाला उत्तर न देणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याच्या तोंडून जो पहिला दुसरा पत्ता निघाला तो परीक्षितचा होता.

रविवारी रश्मीने बेसनाचे लाडू केले आणि नंदूला ओरेस्टकडे धाडलं. जाताना तो मनात घोकत होता: सॉरी नाही, सॉरी नाही. ओरेस्टने दार उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्याने लाडवांचा डबा डाव्या हाताने घेतला, प्लास्टर नंदूच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, "बरं झालं आलास. याचं काय करायचं ते आपल्याला बोलायलाच हवं."

नंदू म्हणाला की तुम्ही म्हणाल ते. अगदी तुम्ही म्हणाल ते.

आणि इथेच तो अडकला. कारण ओरेस्टला जे बोलायचं होतं ते त्याच्या बँडबद्दल होतं. बँडचं नाव ‘बूस्टर केबल्स’. थंडीत गाडीची बॅटरी मेली की दुसऱ्या गाडीवरून जीव भरायला ज्या तारा लावतात, त्या. बँडमध्ये सगळे सत्तरीच्या पुढचे. दरवर्षी फेब्रुवारीत कर्लिंग क्लबच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबच्या, हॉलमध्ये त्यांचा डान्स असे, आणि त्यात एकोणीसशे सदुसष्ट ते एकोणसत्तर या तीन वर्षांतलीच गाणी वाजवायची असा दंडक होता. सत्तरचं एक गाणं एकदा चुकून वाजलं होतं, त्यावरून एक सभासद सोडून गेला म्हणे. ओरेस्ट ड्रमवर असे. आता मनगट मोडल्यामुळे तंबुरिन वाजवणारा कीथ ड्रमवर बसणार होता. तंबुरिनची जागा रिकामी होती. आणि रश्मीने आयरीनला मागे कधीतरी सांगितलं होतं की नंदू गणपतीत ते झांजांचं वाद्य फार छान वाजवतो.

कोर्टाबाहेर तडजोड कशी होते हे नंदूने फक्त ऐकलं होतं. ही तीच, अशी त्याची खात्री झाली. तो हो म्हणाला.

त्या संगीताशी नंदूचा संबंध किती? अमरावती जिल्ह्यातल्या मामाच्या गावी त्याचं बालपण खंजिरी भजनात गेलं. मामाची खंजिरी त्याने रेजिनापर्यंत आणलीही होती. पण सदुसष्ट-अडुसष्टच्या त्या काळात इंग्लंड-अमेरिकेत पोरं गिटारी बडवत होती आणि डेट्रॉइट-मेम्फिसकडची काळी माणसं चर्चमधला आवाज उचलून प्रेमाच्या गाण्यात ओतत होती, याची खबर मामाच्या गावाला लागली नव्हती. ओरेस्टने त्याला यादी दिली. नंदूने हेडफोन लावून ऐकलं. त्याला वाटलं होतं धांगडधिंगा असेल. पण गाणारा एखादी ओळ अशी टाकायचा, की विठ्ठलाला जाब विचारणाऱ्या बुवाची आठवण यावी. आणि मागच्या बाया त्याला तसंच उत्तर द्यायच्या. नंदूला ते आवडायला लागलं. या गोष्टीची त्याला विशेष भीती वाटली.

पहिली तालीम मंगळवारी दुपारी तीनला ओरेस्टच्या बेसमेंटमध्ये. त्याआधी परीक्षित येऊन गेला. त्याने खंजिरी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, कातडं कशाचं? नंदू म्हणाला, बकरीचं असेल. परीक्षित म्हणाला, जुन्या खंजिऱ्या घोरपडीच्या असतात. घोरपड संरक्षित प्राणी आहे. तू ती विमानतळावरून आणलीस, म्हणजे आंतरराष्ट्रीय वन्यजीव तस्करी.

आता नंदूवर दोन गुन्हे झाले. त्याने खंजिरी टॉवेलात गुंडाळली, जॅकेटच्या आत घातली, आणि कोणी बघत नाहीसं पाहून शेजारच्या घरापर्यंतची वीस पावलं चालत गेला. बाहेर उणे चौतीस होतं. बेसमेंटमध्ये हीटर रणरणत होता. त्याने खंजिरी बाहेर काढली, पहिली थाप मारली, आणि फाट्कन आवाज होऊन कातडं मधोमध उभं चिरलं. कीथ ड्रममागे खाली वाकला. नंदूला मामा आठवला, डोळ्यात पाणी आलं, आणि त्याच क्षणी पुरावा नष्ट झाल्याने छाती हलकीही झाली. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याचा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. कीथने मुकाट्याने आपलं तंबुरिन त्याच्या हातात दिलं: प्लास्टिकचं, अर्धचंद्रासारखं, कातड्याचा पत्ताच नाही, नुसत्या झांजा.

पण खरी भीती पुढे होती. तिचं नाव मार्लीन. बँडची गायिका. शहात्तर वर्षांची, पाच फुटांच्या आतली, पांढऱ्या केसांची, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या बशा हलाव्यात. ती कोर्टाच्या कचेरीतून एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर रिटायर झाली होती, हे ओरेस्टने ओळख करून देताना सांगितलं तेव्हा नंदूच्या हातातलं तंबुरिन आपोआप वाजलं. मार्लीनच्या मांडीवर वही असे. गाण्याच्या मध्येच ती नंदूकडे बघे आणि काहीतरी लिहून घेई.

तिने पहिल्या दहा मिनिटांतच त्याचा रोग ओळखला. नंदू समेवर वाजवत होता. भजनात पहिल्या मात्रेवर हात पडतो, तिथेच सगळं गाव एकत्र येतं. न पडला तर मामा टोपी फेकून मारायचा. इथे उलटं. चार मात्रा, आणि वाजवायचं दोनवर आणि चारवर. एकवर गप्प बसायचं.

"एकवर काही करू नकोस," मार्लीन म्हणाली. "काही न करणं हेच तुझं काम आहे."

काही न करण्याचा सरकारी नोकरीतला अनुभव इथे उपयोगी पडेल असं वाटलं होतं, पडला नाही. नंदूचा हात एक म्हटलं की उठायचाच. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मांडीवर सराव करू लागला. गाडीत वायपरवर, वॉशिंग मशीनवर, रश्मीच्या पोळ्या लाटण्यावर दोन आणि चार मोजू लागला. रश्मी म्हणाली, "मला लाटू दे बाप्पा, माझी पोळी चौकोनी होऊन राहिली." पंधरा वर्षांची जाई तिच्या खोलीतून एकदाच बाहेर आली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "डॅड, यू आर रशिंग. लाइक, यू साउंड स्केअर्ड."

ती खरं तेच बोलली होती. तो घाबरलेलाच होता. कारण कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात एक जागा होती. सहा मिनिटांचं गाणं. एक बाई आपल्याला सोडून निघालेल्या माणसाची विनवणी करतेय, गिटार, ऑर्गन, ड्रम सगळे चढत जातात, आणि टोकाला पोचून एकदम थांबतात. पूर्ण शांतता. त्या शांततेत आठ आवर्तनं फक्त तंबुरिन. दोन आणि चार, दोन आणि चार. मग मार्लीन पुढची ओळ उचलते आणि सगळे तुटून पडतात. ती आठ आवर्तनं नंदूला स्वप्नात दिसू लागली. स्वप्नात तो ती वाजवायचा, आणि ऐकणारे सगळे वकील असायचे.

डान्सच्या आदल्या आठवड्यात परीक्षित आला तो कागद फडफडवतच. शहराचा माणूस त्याच्या घराची पाहणी करून गेला होता आणि साइडवॉक साफ करा अशी नोटीस दारावर लावून गेला होता. परीक्षितचा साइडवॉक खरोखरच महिनाभर साफ झाला नव्हता. त्याला सगळ्यात झोंबलं होतं ते हे, की कोणीतरी त्याच्याबद्दल फोन केला. शेजारचा जर्मन म्हातारा असणार. त्याच्याशी तो आता बोलणार नव्हता, आणि उद्या त्याला लेखी जाब विचारणार होता.

नंदूने एक लाडू खाल्ला, पाणी प्यायला आणि सांगून टाकलं. परीक्षितने हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "माझा पत्ता? एवढ्या रेजिनात तुला माझाच पत्ता आठवला?" नंदू म्हणाला की पाठ असलेला दुसरा पत्ताच नाही. हे ऐकून परीक्षितचा राग थोडा निवला असावा, कारण त्याने कागदाची घडी घातली. जाताना म्हणाला की आता ओरेस्टलाही सांगून टाक, तू असा राहिलास तर तुझं हार्ट जाईल, आणि त्याचा क्लेम कोणी देत नाही.

म्हणून शनिवारी सकाळच्या तालमीनंतर, बाकीचे गेल्यावर, नंदूने ओरेस्टला बेसमेंटच्या पायरीवर गाठलं आणि महिन्याभराची सॉरी एकदम बाहेर काढली. माझा साइडवॉक, माझा आळस, तीन दिवस, तुमचं मनगट. सॉरी. आय अ‍ॅम व्हेरी सॉरी.

ओरेस्टने आधी वर जाणारं दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग आवाज खाली आणून सांगितलं की तो साइडवॉकवर पडलाच नव्हता. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आयरीनने त्याला शिडीवर चढायची बंदी केली होती. तो गॅरेजमध्ये शिडीवर चढला, जुना ड्रम काढायला, आणि पडला. बायकोला काय सांगणार? बर्फावर घसरलो म्हणाला. पण स्वतःचा साइडवॉक त्याने सकाळीच साफ केला होता, तिच्या डोळ्यांदेखत. गल्लीत न काढलेला एकच होता.

"तिला सांगू नकोस," ओरेस्ट म्हणाला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण डोळ्यांत नापास झालेल्या पोराची भीती. नंदूने वचन दिलं. मग ओरेस्ट म्हणाला की त्या साइडवॉकमुळे तू आला असशील तर तू मोकळा आहेस. आम्ही कसंतरी निभावू.

नंदू वीस पावलं चालून घरी आला. केस नाही, वकील नाही, घर जागेवर. त्याने आयरीनला कळू द्यायचं नाही या अटीवर रश्मीला सगळं सांगितलं, दोन वाट्या भात जास्त खाल्ला, आणि दुपारी तीन तास गाढ झोपला. सोमवारीही बरं वाटत होतं. मंगळवारी अडीच वाजल्यापासून तो ऑफिसात घड्याळ बघायला लागला. पावणेतीनला त्याने साहेबाला सांगितलं की कंबर दुखतेय, आणि तीनला ओरेस्टच्या बेसमेंटमध्ये तंबुरिन घेऊन उभा होता. आणि तिथे उभं राहिल्यावर त्याला अशी धडकी भरली, की मागच्या महिन्यात तशी एकदाही भरली नव्हती. आतापर्यंत चुकलं तर दोष साइडवॉकचा होता. आता चुकलं तर ते सरळ त्याचं होतं.

डान्सच्या दिवशी दुपारपासूनच कर्लिंग क्लबचा हॉल भरला. काचेपलीकडे बर्फाच्या पट्ट्यांवर कोणी दगड सरकवत होतं, अलीकडे फ्रेंच फ्राइजचा वास, आणि दोनशे म्हातारे-म्हाताऱ्या झालरीची जाकिटं आणि कपाळपट्ट्या घालून. रश्मी, जाई आणि परीक्षित तिसऱ्या टेबलावर होते. नंदू चार वेळा वॉशरूमला जाऊन आला. पाचव्यांदा निघाला तेव्हा ओरेस्टने प्लास्टरने रस्ता अडवला.

पहिली अकरा गाणी कशी गेली हे त्याला नंतर आठवेना. लोक नाचत होते एवढं खरं. मग शेवटचं गाणं सुरू झालं. मार्लीन विनवत होती, गिटार चढत होती, कीथ ड्रम फोडत होता, आणि टोकाला पोचून सगळे थांबले.

शांतता. नंदूने दोनवर हात उचलला. छन्. चारवर. छन्.

आणि हॉलने टाळ्या धरल्या. दोनशे माणसांनी, प्रेमाने, एकजुटीने, एकवर आणि तीनवर.

हा प्रकार कोणी त्याला सांगितला नव्हता. अख्खा हॉल समेवर टाळी देत होता, मामाच्या गावासारखा, आणि नंदूच्या अंगातला थेंब न् थेंब रक्त तिकडे ओढ घेत होतं. एकदा, फक्त एकदा सरकलं की तो त्यांच्यात मिसळून जाणार होता, कोणाला ऐकूही आला नसता. त्याने डोळे मिटले. एकवर काही केलं नाही. दोन. तीनवर काही केलं नाही. चार. टाळ्या त्याच्या झांजांशी भांडल्या, मग गोंधळल्या, मग इथे तिथे विझायला लागल्या, आणि पाचव्या आवर्तनाला हॉलमध्ये फक्त त्याचा आवाज उरला. जन्मभर ज्या गोष्टीला तो घाबरत आला होता ती हीच: सगळे गप्प आहेत आणि आपण एकटे ऐकू येतोय.

सहा. सात. आठ. आता मार्लीन उचलणार.

तिने उचललं नाही. नऊ. दहा. नंदूने डोळे उघडले. मार्लीन माईकसमोर उभी होती, तोंड अर्धवट उघडं. तिने हळूच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कोर्टाच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईचे ते डोळे नव्हते. ओळ गेली होती. जी ओळ ती वर्षानुवर्षं गात आली होती ती डोक्यातून निघून गेली होती आणि आत काहीच नव्हतं. भीतीच्या बाबतीत नंदू जाणकार होता. ही कुठल्या प्रतीची आहे ते त्याला लगेच कळलं.

मागे वळून सांगायला कोणी नव्हतं. ऑर्गनवाला समोरचा सुरांचा कागद बघत होता, कीथ काड्या वर धरून वाट बघत होता. बारा. तेरा. नंदू वाजवत वाजवत दोन पावलं पुढे गेला. ओळीचा पहिला शब्द त्याला पाठ होता. सगळंच गाणं पाठ होतं, पोळपाटापासून वॉशिंग मशीनपर्यंत. त्याने तिच्या कानात सांगायला तोंड पुढे केलं, पण मधे माईक होता, आणि त्याचा वऱ्हाडी घशातला, घाबरलेला, जाडाभरडा आवाज हॉलभर घुमला:

"व्हेट."

हॉल हसला नाही. हॉलला वाटलं हे असंच बसवलंय. कोणीतरी मागून तसंच ओरडलं. मार्लीनने त्याच्याकडे पाहिलं, दम घेतला, आणि तोच शब्द, थांब म्हणणारा ‘वेट’, अगदी त्याच्यासारखाच, ‘व’ला ‘ह’ लावून, खालच्या सुरात टाकला. मग पुन्हा वरच्या सुरात. मग तिच्या आवाजाला वाट सापडली, ओळ मिळाली, आणि तिच्या मागे गिटार, ऑर्गन, ड्रम असे कोसळले की काचेपलीकडच्या माणसाचा दगड भलतीकडेच गेला. रश्मी खुर्चीवर उभी होती. परीक्षित एकवर टाळ्या देत होता, जाई त्याचा हात धरून थांबवत होती.

नंतर मागच्या कॉरिडॉरमध्ये, कोट टांगायच्या जागी, मार्लीन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. नंदूला बघून तिने शेजारची खुर्ची पायाने ओढली. तो बसला. त्याने मांडीवर तंबुरिन ठेवलं, तर ते आपोआप वाजायला लागलं.

"तू कधीपासून घाबरतोयस?" तिने विचारलं.

तो म्हणाला, जानेवारीपासून.

"मी अडुसष्ट सालापासून," ती म्हणाली. अठरा वर्षांची असताना मूस जॉ नावाच्या गावातल्या एका हॉलमध्ये ती पहिल्यांदा उभी राहिली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी आधी उलटी होते. आजही झाली. गेल्या दोन वर्षांत मात्र दुसरंच काहीतरी सुरू झालंय, शब्द जातात. वहीत ती तेच लिहून ठेवते, कुठल्या ठिकाणी कुठला शब्द गेला. नंदूकडे बघायची कारण तो वाजवताना ओठ हलवतो, आणि ओठांवरचे शब्द बरोबर असतात. बँडमध्ये हे कोणाला ठाऊक नाही.

नंदूला सॉरी म्हणावंसं वाटलं, पण ती सॉरीची जागा नव्हती. बाहेर लोक अजून टाळ्या देत होते, चुकीच्या मात्रेवर.

मार्लीनने पर्समधून वही काढली, आजची तारीख घातली, त्याखाली एकच शब्द लिहिला आणि वही मिटली. मग उठता उठता नंदूच्या खांद्यावर भार देऊन म्हणाली, "पुढच्या वेळी जरा लवकर सांग. तेराव्याला नाही. नवव्याला."

नंदू हो म्हणाला. मग ‘पुढच्या वेळी’ या दोन शब्दांनी भरलेली नवी धास्ती घेऊन तो तिथेच बसून मनात नऊपर्यंत मोजायला लागला.